ओटीतला चिखल

सुरुची कापगतेला वाटलं होतं, मांढरटोल्याचा तलाव अखेरच्या घटका मोजत असेल आणि आपण त्याला वाचवू. हॉलंडला पाणथळींचा अभ्यास करून ती जिल्ह्यात परतली होती. तलावाभोवती तारेचं कुंपण घालून माणसांना आत मज्जाव करायचा, असा आराखडा तिच्या पिशवीत तयार होता. उद्या तो मंजुरीसाठी पाठवायचा होता. पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढली आणि ती थबकलीच. पूर्वेच्या कोपऱ्यात कमळ, शिंगाडा, पोवन, देवधान अशा पाणवनस्पती दाटीवाटीनं वाढलेल्या. पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चाललेले, पलीकडे सारसाची जोडी पिलाला चारत होती.

"एवढ्या जाती इथं आल्या कशा?"

"लगन करून," सोबत आलेल्या भागरताबाई म्हणाल्या. मासेमारी करणाऱ्या ढिवरांमधल्या त्या सगळ्यांत वयस्कर. पाळीवर बसून त्यांनी सांगायला घेतलं.

असं सांगतात, तलाव नवा खोदला तेव्हा गाव त्यात गवताची काडी उगवू देत नसे. ताट घासावं तसा तलाव घासायचे. पाणी आरशासारखं, पण मासळी टिकेना; अंडी घालायला आडोसाच नव्हता. ढिवरांनी गाव सोडायचं ठरवलं. त्याच वर्षी कौतिका नावाची सून आली. तिची आई गरीब. ओटीत घालायला नारळ नव्हता, म्हणून तिनं आपल्या गावच्या तलावातला मूठभर चिखल घातला, कमळाच्या कांद्यासकट.

सासू कडाडली, "नारळाच्या जागी चिखल आणलास वो? फेक तलावात!"

कौतिकानं फेकला, आणि साऱ्यांपुढे हात जोडले. "एवढा कोपरा घासू नका. हे रुजेपर्यंत गाव सोडू नका. तोवर मीही माहेरचं तोंड पाहणार नाही."

तीन उन्हाळे ती गेली नाही म्हणे. चौथ्या वर्षी कोपरा पानांनी झाकला, देठांना अंडी चिकटली, मासळी वाढली, मागोमाग पाखरं आली. तेव्हा सासूनंच बैलगाडी जुंपायला लावली. "जाय माय माहेराले. अन् येताना चिखल आण, दोन मुठी जास्त आण!"

आजही मांढरटोल्यात येणारी नवरी उंबरठा ओलांडण्याआधी या कोपऱ्यात उतरते आणि ओटीतला माहेरचा चिखल पाण्यात सोडते. त्या कोपऱ्यात कोणी जाळं टाकत नाही.

"ते पोवन माझं," भागरताबाईंनी बोट दाखवलं. "जावेच्या शिंगाड्यात घुसते, म्हणून चाळीस वर्सं भांडतो आमी!" आणि खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "कुंपण घाल पोरी. पर सुना उतरतील कुठून, तेवढं सांग."



दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आराखड्यातलं कुंपणाचं पान फाडलं. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून ती पाण्यात उतरली, वहीत वनस्पतींची शास्त्रीय नावं लिहू लागली, आणि प्रत्येक नावाशेजारी तिनं एक नवा रकाना आखला: 'कोणाची?'