खळ्यावरचा डाव

फार फार जुन्या काळची गोष्ट. एका राजाला पायचेंडूच्या खेळाचं भारी वेड. त्यानं पोरांसाठी एवढं थोरलं मैदान करवून घेतलं, की या टोकाची हाक त्या टोकाला जाईना. गावची झाडून सारी पोरं तिथं, आणि चेंडू एक! शिकवायला एक वस्ताद होते. माणूस एकटा, घरी ना बायको ना मूल. मैदान भरलं, की यांचं मन भरायचं.

एका संध्याकाळी एक कुंभारीण आली.

"वस्ताद, माझी लेक तापानं फणफणलीय. रोज विचारते, 'आई, माझी कुणी आठवण काढली का?' काय सांगू तिला?"

वस्ताद गडबडले. "अहो, काढतात की! सगळेच काढतात."

"असं? मग तिचं नाव सांगा."

आता आली का पंचाईत! वस्तादांनी पोरांकडे पाहिलं, पोरांनी एकमेकांकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"येसू," बाई म्हणाली. "वर्ष झालं, येतेय तुमच्याकडे." आणि पदरानं डोळे पुसत निघून गेली.

पोरं पांगली. वस्ताद मैदानाच्या पार कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. इथंच उभी राहत असेल का ती? इथवर चेंडू कशाला येतोय! पोर वर्षभर नुसती उभी राहिली, आणि आपण म्हणत होतो, खेळ शिकवतोय. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या एवढ्या मोकळ्या जागेत त्यांना फार फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना खळ्यांवर नेलं. सुगी सरली होती, धान्य मळायच्या त्या सारवलेल्या गोल जागा रिकाम्याच होत्या. खळं ते केवढंसं! एकेका खळ्यावर चिंध्यांचा एक चेंडू, तीन पोरं इकडून, तीन तिकडून. गाव हसलं. राजा तर भडकलाच.

"मैदान सोडून खळ्यात? वस्ताद, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"महाराज, मैदानात चार पोरं खेळतात, बाकीची बघतात. इथं बघायला कुणी उरतच नाही."

राजानं तोंड फिरवलं. राजानं फिरवलं म्हटल्यावर गावानंही फिरवलं. वस्तादांशी कुणी धड बोलेना. त्यांना ते लागलं, पण त्यांनी खळं सोडलं नाही.

एक दिवस ते कुंभारणीच्या दारी गेले. येसू बरी झाली होती, मडक्यांच्या उतरंडीमागे बसली होती.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "मी नसले तरी चालतं तिथं."

"आता नाही चालत, बाळ. एका खळ्यावर एका बाजूला दोघंच उभी आहेत. तिसऱ्या जागी मी कुणालाच घेतलं नाही. डाव अडलाय तुझ्यावाचून."

येसू त्यांच्याकडे बघतच राहिली. मग उठली.

खळ्यावर पाय ठेवते न ठेवते तोच चेंडू थेट तिच्यापाशी आला. तिनं मारला, तो भलतीकडेच, कडब्यात! "अगं, पुन्हा मार," म्हणत सोबतीण तो आणायला पळाली.

पुढं हीच पोरं राजाच्या थोरल्या मैदानावर उतरली, तेव्हा त्यांच्यातलं एकही नुसतं उभं राहिलं नाही. राजा बघतच राहिला.

म्हणून पोराला शिकवायचं असेल, तर डाव एवढा लहान करावा, की त्याच्यावाचून तो अडेल.