मैनाबीचा गवती कागद

नदीला पूल नव्हता आणि डोंगरावरचा वड अजून रोपटं होता, तेव्हाची ही गोष्ट. चुनखेडला घरोघर कागद व्हायचा. बंदरावरून जुने दोरखंड आणि फाटकी गोणपाटं गाड्या भरून यायची. ती चुन्यात भिजवायची, पायाच्या ढेकीनं कुटायची, नदीत धुवायची आणि त्या लगद्याचा कागद काढायचा. त्यावर लिहिलेलं माणूस विसरला तरी कागद विसरत नसे, असं म्हणतात.

मग मुलखात लढाई पेटली आणि गाड्या बंद झाल्या. लोकांनी विहिरींचे दोर कुटले, झोळ्या कुटल्या, बाजांचं सुंभसुद्धा कुटलं. सगळं गाव जमिनीवर झोपायला लागलं. शेवटी ठरलं, पुढच्या बाजाराच्या दिवशी गाव सोडायचं. ढेकी वाजत नाही तिथे कागद्यानं राहून करायचं काय?

नेमकी तेव्हाच मैनाबी सून होऊन आली. सगळ्यांचं सामान गाडीत चढत होतं, हिचं उतरत होतं.

नव्या सुनेनं वर्षभर लगद्याच्या हौदात हात घालायचा नाही, अशी रीत. तिनं फक्त छापऱ्या धुवायच्या. छापरी म्हणजे मोळ गवताच्या काड्यांची, घोड्याच्या केसांनी बांधलेली चटई. लगदा तिच्यावर उचलला की पाणी गळून जातं, कागद राहतो.

सासू रहमतबी म्हणाली, "दुल्हन, या जुन्या छापऱ्या चुन्याच्या पाण्यात बुडव आणि लगेच काढ. लगेच, कळलं?"

"हो, अम्मा," मैनाबी म्हणाली, आणि लोक गाड्या कशा भरतात ते बघत बसली. आठवण झाली तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते. छापऱ्या नव्हत्याच. तळाशी पिवळा, मऊ गाळ होता, आणि वर घोड्याचे केस तेवढे तरंगत होते.

रहमतबीनं कपाळाला हात लावला. "दोर संपले ती अल्लाची मर्जी. छापऱ्या कुणाच्या मर्जीनं गेल्या गं? माहेरी खिचडी तरी नीट करत होतीस का?"

"खिचडी अशीच व्हायची, अम्मा," मैनाबी म्हणाली. पण तिची बोटं त्या गाळात होती. गाळ मऊ होता, तरी त्यात तंतू होते, आणि ते तुटत नव्हते. "अम्मा, याचा कागद होईल."

गावातले सगळ्यात जुने कागदी दादामियाँ हसले. "गवत कागदाला उचलतं, पोरी. गवताचा कागद होत नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही केला नाही."

"त्यांनी छापरी चुन्यात विसरून बघितली होती का, चाचा?"

हे ऐकून सगळे चिडले. मैनाबी गाळ ढेकीखाली ओतून वर चढली. तिनं असा पाय दिला, की पलीकडच्या काठावर घरोघरच्या ताकाला आपोआप लोणी आलं, असं म्हणतात. तिनं लगदा धुतला तेव्हा नदी दुधासारखी पांढरी झाली, आणि वासरं पाणी पिऊन ओठ चाटत बसली. मग वर्ष पुरं व्हायची वाट न बघता तिनं हौदात कोपरापर्यंत हात घातले.

लोक हौदाभोवती गोळा झाले. पण लगदा उचलायला छापरी कुठे होती? चांगल्या छापऱ्या गाडीत बांधलेल्या. तेव्हा रहमतबी उठली. तिनं भरलेल्या गाडीचा दोर सोडला, नवी कोरी छापरी ओढून काढली आणि सुनेच्या हातात दिली.

पहिला कागद निघाला तो पिकल्या गवताच्या रंगाचा. भिंतीवर वाळल्यावर दादामियाँनी तो ओढून पाहिला, चुरगळून पाहिला, मग पीळ देऊन त्या दोरीनं आपला बैल बांधला. बैलानं हिसका दिला. खुंटा उपटून आला, कागद फाटला नाही, असं म्हणतात.

"गाड्या उतरवा रे!" दादामियाँ ओरडले. बाजाराच्या दिवशी चुनखेडहून गावकरी निघाले नाहीत, कागदाचे गठ्ठे निघाले. डोंगरावरचं मोळ सकाळी कापावं आणि दुपारपर्यंत ते पुन्हा कमरेइतकं व्हावं, असं ते वर्ष गेलं.

आजही मोळ पिवळं पडलं की पहिली पेंढी गावातल्या सगळ्यात नव्या सुनेच्या हाती देतात. चुना किती, भिजवायचं किती, कुणी सांगायचं नाही. सासूनं त्या दिवशी तोंडात सुपारी धरायची, चावायची नाही, थुंकायची नाही. निघेल तो कागद, गाठींचा असो की भोकांचा, दारावर लावतात. येणारा-जाणारा त्याला हात लावतो आणि म्हणतो, "मैनाबीचा आहे."