गटाराची बाजू

"माझं मेलं कुणी खरं मानतच नाही!" कोंबडी कडाडली. जनावरं, अगदी गटारंसुद्धा माणसांसारखी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. या कोंबडीला रोज दाणे घालणारी बनी डासांच्या तापाने फणफणली होती आणि तिची आई अनसूया दारच्या गटाराला शिव्या घालत होती.

"अगं, हे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. तुझ्या रांजणात बघ!"

"जीभ झडो तुझी! सासूबाईंनी भरलेला रांजण आहे. वरून भर घालायची, तळ कोरडा करायचा नाही. लक्ष्मी जाते."

"आणि लेक गेली म्हणजे?"

कोंबडीने रांजणात चोच घालून वळवळत्या अळ्या अनसूयेच्या तळहातावरच टाकल्या. बाई चरकली. तिने रांजण उपडा केला, घासून वाळवला, तोंडाला फडकं बांधलं. घरात पुन्हा कुणाला ताप आला नाही. बनी बरी होऊन मूठभर दाणे घेऊन अंगणात आली.

"बाई, तुझे उपकार फिटायचे नाहीत," अनसूया कोंबडीला म्हणाली.

गटार गहिवरून कोंबडीला म्हणालं, "मावशी, मी घाणेरडं खरं, पण जन्मात पहिल्यांदा कुणी माझी बाजू घेतली."

"मग दोष रांजणाचा का?" बनीने विचारलं.

"तो बिचारा मातीचा. त्याला काय कळतंय?" अनसूया म्हणाली.

"मग कुणाचा गं, आई?"

आईने मान खाली घातली. "अनसूयेचा."