गुलाबामागचे दिवाणजी

माळावरच्या झुपकेदार कानांच्या रानमांजरी संपत चालल्या, म्हणून महाराज काळजीत पडले. दिवाण त्र्यंबकपंतांनी ऐटीत योजना मांडली, "गवत, काटेरी झुडपं सगळं साफ करू आणि महालातल्यासारखी गुलाबाची बाग लावू. मांजरी सुखात राहतील!"

माळावर मेंढरं राखणाऱ्या म्हाकूबाईला महाराजांनी विचारलं. ती म्हणाली, "दिवाणजींनी आधी महालाच्या बागेत लपून दाखवावं."

"त्यात काय मोठं!" म्हणत पंत गुलाबामागे दबा धरून बसले. वरून पगडी दिसत होती, बाजूने पोट. महाराजांना हसू आवरेना.

म्हाकूबाई म्हणाली, "उद्या मांजर शिकारीला अशीच बसंल, महाराज, आणि ससेबी असेच हसतील."

योजना तिथेच बारगळली. पंतांच्या अंगातले काटे निघायला मात्र दोन दिवस लागले.