महाराजांच्या पालखीची वाट

कुरुमगडच्या महाराजांना आपल्या गावात आजवर एकही खड्डा दिसला नव्हता. दिसणार कसा? त्यांची पालखी ज्या गल्लीतून निघायची, ती गल्ली आदल्या दिवशी गुळगुळीत व्हायची. वर सडा, रांगोळी, तोरणं! रस्त्यांचं काम बाळोजी कारभाऱ्यांकडे होतं आणि या बाबतीत त्यांनी कधी कसूर केली नाही, हे मान्यच करायला हवं. बाकीच्या गल्ल्यांतून नुसती माणसं जायची, त्यामुळे तिथली तेवढी घाई नव्हती.

म्हणूनच भिवरा कुंभारीण खापरांनी भरलेली पाटी घेऊन दरबारात उभी राहिली, तेव्हा महाराजांना खरोखर नवल वाटलं.

"महाराज, आमच्या गल्लीत गाढवाचा पाय खड्ड्यात जातो आन् बाजार यायच्या आधीच माझ्या मडक्यांची अशी खापरं होत्यात. औंदा एक रांजण धड इकला न्हाई. असंच चाललं तर पोरांना काय घालू?"

"खड्डा?" महाराजांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. "आपल्या गावात?"

"गाढवच वाकडं चालत असेल, महाराज," बाळोजी नम्रपणे म्हणाले. "जनावराला वळण नको का लावायला?"

दरबार हसला. कारभाऱ्यांच्या विनोदाला दरबार नेहमीच हसायचा, आणि जरा जोरातच.

महाराज मात्र हट्टाला पेटले. "बाई, मी उभा जन्म या गावात फिरलोय. तू मला एक खड्डा दाखव. दाखवलास तर मागशील ते देईन. नाही दाखवलास, तर चाक आणि गाढव घेऊन गाव सोडायचं. आमच्या रस्त्यांची बदनामी आम्हाला खपत नाही."

"आणि पालखीची वाट आधी मला कळवायची, असा रिवाज आहे," बाळोजींनी घाईघाईने जोडलं. "तयारी करावी लागते."

म्हणजे खड्डा दाखवायचा, तोही बुजवणाऱ्याला आगाऊ वर्दी देऊन!

पालखीची गल्ली कशी गुळगुळीत होते, हे भिवराला आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाहेरून माती आणायला गाड्यांचा खर्च मंजूर व्हायचा, आणि त्याच सुमाराला कारभाऱ्यांच्या घरावर नवा मजला चढायचा. गाड्या काही यायच्या नाहीत. मग माती यायची कुंभारगल्ली खणून, नाहीतर तांबटगल्ली खणून. खणणाऱ्यांबरोबर शिपाई असायचे, म्हणून कोणी ब्र काढत नव्हतं.

"चालंल की," ती म्हणाली. "आत्ताच वर्दी देते. परवा महाराजांनी माझ्या घरी भाकरी खायला यावं. गावातल्या समद्या गल्ल्यांतून फिरत यावं. एक बी गल्ली सोडायची न्हाई."

"समद्या?" बाळोजींच्या तोंडून चक्क गावरान शब्द निघाला.

"का हो, कारभारी? रस्ते तर झ्याक हायेत न्हवं?"

महाराजांना बेत फारच आवडला. आपले रस्ते एकदा सगळेच बघून टाकू, असं म्हणून त्यांनी दरबार उठवला. बाळोजी मात्र खुर्चीतच बसून राहिले.

ठरल्या दिवशी पालखी निघाली. गल्लीमागून गल्ली सरली, पण महाराजांच्या पेल्यातलं सरबत हिंदकळलं नाही. लोक दारात उभे राहून स्वतःचाच रस्ता अनोळखी पाहुण्यासारखा न्याहाळत होते. भिवराच्या ओट्यावर बसून महाराजांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि मिशीवरून हात फिरवला.

"आता लाद बाई गाढवावर सामान," बाळोजी खुशीत म्हणाले.

"लादते. हरले मी," भिवरा म्हणाली. "जाता जाता एक नवल तेवढं बघून जावा, महाराज. आमच्या गल्लीत कधी न्हाई ते गुलाब उगवलाय."

दारासमोरच्या ताज्या मातीतून मुळासकट उपटलेलं एक रोपटं अर्धवट वर आलं होतं. त्याची पिवळी कळी अजून शाबूत होती. महाराजांनी ते उचललं आणि त्यांचा चेहरा पडला. राणीसाहेबांनी माहेराहून आणून लावलेला हा गुलाब! त्याचं फूल तोडायची परवानगी खुद्द महाराजांनाही नव्हती.

"राणीसाहेब माहेरी गेल्यात म्हणं," भिवरानं चौकशी केली. "कधी येणार?"

"आज. संध्याकाळी."

"मग लवकर चला. खड्डा दाखवायचा ऱ्हायलाय न्हवं का?"

राजवाड्यामागे राणीसाहेबांची बाग होती. म्हणजे परवापर्यंत होती. आता तिथे हत्ती बसेल एवढा खड्डा होता आणि म्हातारा माळी काठावर डोकं धरून बसला होता.

"महाराज, आपल्या गावातले खड्डे बुजत न्हाईत, त्यांची बदली हुते," भिवरा म्हणाली. "तुमची पालखी निघाली की त्यांना आमच्याकडं धाडत्यात. ह्या बारीला समद्याच गल्ल्यांनी जागा न्हाई म्हटलं. मग बिचारे जाणार कुठं? आले तुमच्याकडं मुक्कामाला."

"महाराज, इथे कमळांचं तळं करायचा विचार..." बाळोजींनी घाम पुसला.

"ब्येस की!" भिवरा म्हणाली. "सांजंला राणीसाहेब आल्या, की तुम्हीच समजावून सांगा त्यांना."

राणीसाहेबांपुढे उभे असलेले बाळोजी महाराजांच्या डोळ्यांसमोर आले आणि त्यांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले.

"कारभारी, संध्याकाळपर्यंत याच खड्ड्यात उभे राहा. उत्तर तुम्हीच द्यायचं. उद्यापासून बाहेरून माती आणायच्या गाड्या तुमच्या खर्चाने, मग वरचे मजले विकावे लागले तरी चालतील. आणि बाई, फुटलेल्या मडक्यांची भरपाई तर मिळेलच. आता माग काय मागायचं ते."

"फार न्हाई, महाराज. दर बाजाराला तुमची पालखी निघू द्या. फकस्त तिची वाट आधी कारभाऱ्यांना सांगायची न्हाई. पालखी उचलली की मग आम्ही गावकरी सांगू."

महाराज पुन्हा खो खो हसले आणि "दिलं!" म्हणाले.

तेव्हापासून बाजाराच्या आदल्या दिवशी बाळोजी कारभारी स्वतः कुंभारगल्लीत पायी येतात, भिवराच्या दाराशी जोडे काढतात आणि घसा साफ करून विचारतात, "भिवराबाई, उद्या कुठली गल्ली?"

भिवरा चाकावरची नजरही उचलत नाही. "अजून ठरायचंय, कारभारी. तुम्ही समद्याच बघून ठिवा."