भिंगआजींची आंघोळ

वस्तूंना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. एका साध्या मंगळवारी घरात मेथी निवडणं चालू असताना कपाटात बातमी येऊन थडकली, की शलाका उद्या आपल्या बाबांचा जुना कॅमेरा वापरणार! बाबा गेल्यापासून कॅमेऱ्याच्या भिंगआजी धूळ खात पडल्या होत्या.

"आजी, मी घासतो!" स्वयंपाकघरातून धावत आलेला चिंचेचा गोळा ओरडला. "समया बघा कशा लखलखतात!"

"अरे मेल्या, मी समई नव्हे! माझ्या काचेवरचा पातळ मुलामा गेला, तर मला जन्मभर धुकंच दिसेल."

"मग मी पुसतो," सदऱ्याचं टोक सरसावलं.

"तू धुळीसकट पुसशील आणि माझ्या तोंडावर ओरखडे काढशील. आधी फुगेराव, तुम्ही या."

धूळ उडवायच्या रबरी फुग्याने फुस्सकन वारा सोडला. धूळ उडाली, सदऱ्याला सतरा शिंका आल्या. मग मऊ ब्रश फिरला. शेवटी किंचित ओलं फडकं मधून कडेकडे हलकेच गोल फिरलं.

"आतल्या काचेवर ठसा आहे," गोळा म्हणाला. "स्क्रू काढू?"

"खबरदार! एकदा बाबांनी हौसेने उघडलं होतं मला. त्यांचाच अंगठा आहे तो."

गोळा मागे सरकला. तेवढा ठसा पुसायचा राहिला.