आजोबा कुत्र्याशी इंग्रजी बोलतात

“बाई, माझं वेल्श वाईट आहे का?”

“छान आहे,” तेग्वेनबाई म्हणाल्या. “जरा जास्तच छान आहे.”

गेथिनला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. हुशार माणसांचं असंच होतं.

हे बोलणं उत्तर वेल्समधल्या एका लहान गावात, गालिच्यांच्या दुकानात चाललं होतं. दुकान पूर्वी चॅपल होतं, म्हणजे तिकडचं साधंसुधं प्रार्थनामंदिर. माणसं यायची थांबली आणि चॅपल विकलं गेलं. दुकानदार मात्र भला निघाला. बाईंचं नेहमीचं बाकडं त्याने हलवलं नाही. त्या बाकड्यावर, गालिच्यांच्या गुंडाळ्यांमध्ये बसून बाई येईल त्याला वेल्श शिकवत. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. उरलेलं अर्धं त्यांना घाबरून होतं.

गेथिन लंडनमध्ये वाढला. मुलाचं भलं इंग्रजीत आहे, असं ठरवून वडिलांनी त्याला घरची भाषा शिकवली नाही. आपल्यापैकी कुणी यावर फार हसू नये.

मोठेपणी तो ईर्ष्येने वेल्श शिकला. व्याकरण पाठ केलं, शब्दकोश पचवला. ‘मी वेल्श बोलतो’ असं सांगणारा नारिंगी बिल्ला कोटावर लावला. मग आजी गेली, आणि तो आपलं काम लॅपटॉपमध्ये घालून आजोबांकडे राहायला आला. त्या घरात वेल्श बोलायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“मग अडतंय कुठे?” बाईंनी विचारलं.

“आजोबा माझ्याशी इंग्रजी बोलतात.”

“मेंढ्यांशी वेल्श बोलतात,” तो बोटं मोजू लागला. “मांजराशी वेल्श. पोस्टमनशी तर दारात उभं राहून तासन्‌तास वेल्श. इंग्रजी फक्त दोघांशी. माझ्याशी आणि कुत्र्याशी.”

इथे थोडा खुलासा करायला हवा. तिकडचे बरेच मेंढपाळ घरात वेल्श बोलतात, पण कुत्र्याला हुकूम सोडतात ते इंग्रजीत. हुकमाला तीच भाषा बरी पडते, असं कुणी म्हणतं. कुत्र्याचं मत अजून कुणी विचारलेलं नाही.

“आजोबांचं वय झालंय, बाई,” गेथिन म्हणाला. “ते गेले की माझ्या घरातलं वेल्श संपलं. आणि मला त्यांच्याकडून एक वाक्य मिळत नाही. एक!”

“तू त्यांच्याशी काय बोलतोस?”

“आपल्या इतिहासाबद्दल.”

“म्हणजे कसं? मला सांग बघू.”

गेथिन सुरू झाला आणि बाईंनी थर्मास उघडला. चहा कपात पडेपर्यंत इंग्रज राजाने वेल्सचा शेवटचा राजपुत्र संपवून जागोजागी किल्ले बांधले होते. दूध घालेपर्यंत कचेऱ्यांतून वेल्श हद्दपार झालं. बाईंनी बिस्कीट बुडवलं, तेव्हा इंग्लंडमधल्या एका शहराला पाणी हवं म्हणून वेल्सचं एक अख्खं गाव धरणात बुडत होतं. कप रिकामा झाला, तेव्हा कुठे वेल्शला स्वतःची टीव्ही वाहिनी मिळाली.

“आणि आजोबा काय म्हणतात?”

“‘व्हेरी गुड’ म्हणतात.”

“कुत्र्यालाही तेच म्हणत असतील.”

“हो,” गेथिन पडेल आवाजात म्हणाला. “पण त्याची पाठ थोपटतात.”

बाईंनी हसू आवरलं. त्यांची नजर त्याच्या पिशवीकडे गेली.

“त्यात काय आहे?”

गेथिनचा चेहरा उजळला. त्याने लाकडाची एक छोटी पाटी बाहेर काढली. तिला दोरी होती. वर ‘वेल्श नको’ अशा अर्थाची दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती.

“शाळांमधून व्याख्यानं देतो ना, त्यासाठी करून घेतली. जुन्या काळी शाळेत कुणी वेल्श बोलताना सापडला, की त्याच्या गळ्यात ही अडकवायचे. त्याने दुसऱ्या कुणाला तरी पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छड्या.”

“म्हणजे मास्तरला फारसं काही करावंच लागत नसे.”

“हीच तर त्यातली हुशारी! पोरंच पोरांना धरून द्यायची. मुलं शेवटी तोंडच उघडेनाशी झाली.”

“अस्सं,” बाई म्हणाल्या. “बरं, आता मी तुझा आजोबा. घरी बोलतोस तसं बोल माझ्याशी.”

त्यांनी चष्मा नाकावर ओढला, पाय पसरले आणि आवाज घोगरा केला.

“काय रे पोरा, ट्रॅक्टरची बॅटरी बसली बघ.”

“बॅटरी नाही, आजोबा. त्याला आपला शब्द आहे.”

बाईंनी हात लांब केला. पाटी उचलली. दोरी नीट उलगडली आणि पाटी स्वतःच्याच गळ्यात घातली.

“बाई! हे काय?”

“पकडलंस ना मला.”

मग बाईंनी त्याला आणखी एक प्रश्न विचारला. चहा घेणार का, एवढाच. पण इतका वेळ वेल्श बोलणाऱ्या बाईंनी तो इंग्रजीत विचारला.

गेथिन पाटीकडे बघत राहिला. दुकानात कुणीतरी गालिच्याचा भाव विचारत होतं. त्याचे कान लाल झाले, मग डोळे.

“आजोबांच्या शाळेत पाटी नव्हती,” तो हळूच म्हणाला. एवढ्यातही त्याच्यातला अभ्यासक गप्प बसेना. “ती त्यांच्या आजोबांच्या काळात होती.”

“बरोबर. त्यांच्या घरी ती आत्ता आली.”

गेथिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला खरंच रडू आलं. पोरगा वाईट नव्हता. आजोबांवर त्याचा जीव होता आणि तो जीव त्याने लाल पेनाने लावला होता.

“मी आता त्यांना कधीच टोकणार नाही,” तो म्हणाला.

“तेवढ्याने भागायचं नाही. ते आता सावध झालेत. तोंड उघडण्याआधी विचार करतात.”

“मग मी मुद्दाम चुकीचं बोलू?”

“बोलून बघ.”

गेथिनने डोळे मिटले. कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलवले... पुन्हा हलवले.

“नाही जमत, बाई,” तो कळवळून म्हणाला. “मला चुकताच येत नाही!”

बाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात गेथिनचे आजोबा, एल्विन, जीपमध्ये बसून नातवाची वाट बघत होते. कुत्रा त्यांच्या शेजारच्या सीटवर होता. जीपला मागे मेंढ्यांचा ट्रेलर जोडलेला होता.

“ट्रेलर मागे घेता येतो तुला?”

“नाही. कधी घेतलाच नाही.”

बाईंचा चेहरा खुलला.

“जा. आजोबांना सांग, आज मी घेतो.”

“पण बाई, इथे मागे कबरी आहेत...”

“जा म्हणते ना.”

गेथिन गेला. बाई गळ्यातल्या पाटीसकट खिडकीशी आल्या. दुकानदारही आला. गालिच्याचा भाव विचारणारं गिऱ्हाईकही आलं.

ज्यांनी ट्रेलर मागे घेतला आहे त्यांना ठाऊक आहे. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे वळवलं, की ट्रेलर डावीकडे जातो. ज्यांनी घेतलेला नाही, त्यांना हे पटत नाही. गेथिनला तर मुळीच पटलं नाही.

आजोबा खाली उतरून हात दाखवत होते. इंग्रजीत, अगदी सभ्यपणे. थोडं डावीकडे. नाही, दुसऱ्या डावीकडे. थांब. थांब, प्लीज.

ट्रेलर वळला. आतल्या मेंढ्या ओरडल्या. चॅपलच्या पहिल्या धर्मगुरूंची उंच, काळी कबर मागून जवळ येऊ लागली. गेथिनने घाबरून ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलं.

आणि आजोबांचा बांध फुटला.

जे फुटलं ते शुद्ध, घरंदाज, डोंगरातलं वेल्श होतं. त्यात गेथिनचा जन्म होता, त्याची अक्कल होती, लंडन शहर होतं, आणि मेंढीच्या एका अवयवाचा उल्लेख होता. बॅटरी होती, ब्रेक होता, क्लच होता. आजोबा श्वास घ्यायला थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. कुत्रा हा प्रकार न कळून सीटखाली गेला.

ट्रेलर कबरीला न लागता थांबला. आजोबांनी दार उघडून नातवाला बाजूला ढकललं, स्वतः चाक धरलं, आणि कसं वळवायचं ते ओरडून, चाकावर हात आपटून समजावू लागले. सगळं वेल्शमध्ये. मध्येच ते थबकले. आपण काय बोलतोय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी नातवाकडे चोरून पाहिलं.

नातू गप्प होता. मान डोलवत होता.

आजोबा पुन्हा सुरू झाले.

थोड्या वेळाने गेथिन धावत दुकानात आला. केस विस्कटलेले, बिल्ला कुठेतरी पडलेला, आणि चेहऱ्यावर दिवाळी.

“बाई! ऐकलंत? बोलले! मला गाढव म्हणाले! किती सुंदर म्हणाले!”

“ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं.”

“पण शेवटी-शेवटी एक शब्द म्हणाले... तो मला माहीत नाही. मी सगळा कोश वाचलाय, बाई. त्यात तो नाही. त्याचा अर्थ काय?”

दुकानदाराने घाईघाईने पाठ फिरवली. बाईंचे गाल गुलाबी झाले. त्यांनी पाटी गळ्यातून काढून बाकड्यावर ठेवली आणि रिकाम्या कपात पाहिलं.

“मला कसा माहीत असणार?” त्या म्हणाल्या. “आजोबांना विचार.”